फिलिप्स इंटेलिव्ह्यू एमपी३०, जुना: यंत्र दणकट, डोकं मात्र परक्या दवाखान्याचं

छोट्या नर्सिंग होमला जुना पेशंट मॉनिटर घ्यायचाय म्हटलं की व्यापारी हमखास एमपी३० पुढे करतो. बॉडी पुसून चकचकीत केलेली असते, पडद्यावर हिरवी ईसीजी, निळी पल्सची लाट झकास धावत असते, आकडे सगळे नॉर्मल. आधी पडद्यावर 'डेमो' असं कुठे लिहिलंय का बघा. डेमो मोडमध्ये या मॉनिटरला पेशंट लागत नाही, केबल लागत नाही, मोजमापाचं मॉड्यूलही धड असण्याची गरज नाही. लाटा आतूनच तयार होतात. मॉनिटरिंग मोडला आणायला लावा, स्वतःच्या बोटाला प्रोब लावा, दंडाला कफ बांधा, आणि मग बोलणी करा.

निकाल आधीच: यंत्र म्हणून एमपी३० आजही घेण्यासारखा आहे. त्याच्या बोर्डांपेक्षा त्याच्या सेटिंगची काळजी जास्त करावी लागते. हे मॉनिटर बहुतेक वेळा परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलमधून निघालेले असतात आणि तिथल्या सवयी पोटात घेऊन येतात. त्या काढल्याशिवाय तो खाटेशेजारी ठेवू नये.

थोडं यंत्राविषयी. फिलिप्सने २००१ मध्ये एजिलेंटचा वैद्यकीय विभाग विकत घेतला. त्याआधी तो ह्यूलेट-पॅकार्डचा. इंटेलिव्ह्यू मालिका त्याच घराण्यातली, आणि मोजमापाचं वेगळं मॉड्यूल मॉनिटरला अडकवायचं ही कल्पनाही तिथलीच. एमपी२० आणि एमपी३० दोन्हींचा पडदा १०.४ इंची. एमपी२० बटणांवर आणि फिरकीवर चालतो, एमपी३० टचवर. एमपी४० आणि एमपी५० मोठ्या पडद्याचे, त्यात जादा मॉड्यूल बसवायचे खण असतात. एमपी३० मध्ये खरं काम करतं ते एम३००१ए हे मॉड्यूल: ईसीजी, श्वास, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन), कफचा बीपी, आणि पर्यायानुसार इन्व्हेजिव्ह प्रेशर (रक्तवाहिनीत नळी घालून मोजलेला दाब) किंवा तापमान. त्यामुळे किमतीची घासाघीस मॉड्यूलवर करा. नुसता पडदा म्हणजे घोडागाडीतली गाडी. घोडा कसा आहे ते पाहायचं.

एसपीओटूचा पर्याय कोणता, हे मॉड्यूलवरच्या पट्टीवर आणि पडद्यावरच्या रिव्हिजनच्या (आवृत्तीच्या) खिडकीत तपासता येतं. ए०१ म्हणजे फिलिप्सची स्वतःची पद्धत, ए०२ नेलकोर, ए०३ मासिमो. मॉड्यूल ए०२ चं आणि सोबत दिलेला प्रोब ए०१ चा, असं कडबोळं जुन्या मालात सर्रास असतं. प्रोब चालत नाही म्हणून मॉड्यूल खराब ठरवण्याआधी ही जोडी जुळते का ते बघावं. ए०१ ला एम११९१ हा रबरी बोटमोजा सर्वांत टिकाऊ. प्रोबची वायर जवळपास नेहमी दोनच जागी तुटते: बोटाजवळच्या वळणावर आणि प्लगच्या मानेशी. प्रोब बोटात ठेवून या दोन जागा हलक्या हाताने वाकवा. आकडा गेला-आला तर समजायचं.

आता मुख्य विषय, सेटिंग. मेन सेटअपमधून ऑपरेटिंग मोड्स, तिथून कॉन्फिग. सांकेतिक क्रमांक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो; मॅन्युअलशिवाय यंत्र घेऊ नका आणि क्रमांक वॉर्डात भिंतीवर चिकटवू नका. कॉन्फिग मोडमध्ये पेशंट लावायचा नसतो, हेही सांगून ठेवलेलं बरं.

पहिली नजर लाइन फ्रीक्वेन्सीवर. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. मॉनिटर विजेची गुणगुण गाळतो ती सांगितलेल्या फ्रीक्वेन्सीला. सेटिंग ६० वर राहिलं तर आपली ५० हर्ट्झची गुणगुण गाळणीतून आरपार जाते आणि ईसीजीची बारीक रेघ केसाळ, जाड दोरीसारखी दिसते. मग इलेक्ट्रोड बदला, केबल बदला, पंखा बंद करा, एसी बंद करा, असा सगळा खेळ सुरू होतो. शेवटी कुणीतरी ईसीजीचा मोड 'मॉनिटर'वरून 'फिल्टर'वर नेतो आणि रेघ एकदम स्वच्छ होते. पण फिल्टर मोडची वरची हद्द २० हर्ट्झ आहे, मॉनिटर मोडची ४०. क्यूआरएसची (प्रत्येक ठोक्याच्या उंच सुळक्याची) टोकं बोथट होतात, उंची घटते, आणि मूळ चूक तशीच खाली दडून राहते. ग्लोबल सेटिंग्जमध्ये जाऊन ६० चे ५० करायला अर्धा मिनिट लागतो.

५० करूनही गुणगुण राहिली तर अर्थिंगकडे बघा. यंत्राचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट घेतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. पण सोबत अमेरिकन पिनेची वायर आलेली असते आणि तिच्यावर बाजारातला शे-दोनशेचा अॅडॉप्टर चढवलेला असतो. यांतल्या बऱ्याच अॅडॉप्टरांत अर्थची पिन नुसती शोभेची असते, आत काही जोडलेलं नसतं. हा अॅडॉप्टर फेकून द्या आणि आपल्या तीन पिनी टॉपची, मागे संगणकासारखं तोंड असलेली चांगली वायर घ्या. सेफ्टी अॅनालायझर मिळत असेल तर आयईसी ६२३५३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वायरसकट अर्थचा रोध ३०० मिलीओहमच्या आत यायला हवा. छातीला इलेक्ट्रोड लावलेल्या माणसाच्या बाबतीत हा आकडा केवळ ईसीजीच्या सुबकपणाचा राहत नाही.

दुसरी गोष्ट रंगांची, आणि इथे जरा थांबावंच लागेल. ईसीजीच्या वायरांच्या अमेरिकन लीड सेटमध्ये उजवा हात पांढरा, डावा हात काळा, डावा पाय लाल, उजवा पाय हिरवा, छाती तपकिरी. आयईसी सेटमध्ये उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा, छाती पांढरी. म्हणजे लाल, हिरवा, काळा, पांढरा हे चार रंग दोन्हीकडे आहेत आणि चारही वेगवेगळ्या जागी. सिस्टरचा हात आयईसीला सरावलेला असेल तर ती लाल वायर न बघता उजव्या खांद्याखाली लावते. अमेरिकन सेटची लाल वायर ही डाव्या पायाची. पांढरी, म्हणजे खरी उजव्या हाताची, जाते छातीवर. लीड टू (उजवा हात ते डावा पाय ही ईसीजीची रेघ) उलटी किंवा भलतीच दिसते. आणि नुकसान एवढ्यावर थांबत नाही: या मॉड्यूलमध्ये श्वास मोजला जातो तो उजवा हात आणि डावा पाय या दोन इलेक्ट्रोडांमधल्या रोधावरून. तेच चुकले तर श्वासाची लाट सपाट होऊ शकते, आणि मग २० सेकंदांनी अॅप्नियाचा (श्वास थांबल्याचा) लाल अलार्म वाजतो. पेशंट मजेत गप्पा मारत असतो.

ग्लोबल सेटिंग्जमध्ये ईसीजी केबल कलर हा पर्याय आहे. तो बदलला की 'एलएल' ऐवजी 'एफ', 'आरए' ऐवजी 'आर' अशी नावं पडद्यावर येतात. पडद्यावरचं नाव बदललं म्हणून हातातली वायर बदलत नाही. म्हणून आयईसी लीड सेट विकत घ्या, अमेरिकन सेट कपाटातही ठेवू नका, आणि मग हे सेटिंग बदला. एका वॉर्डात दोन रंगपद्धती म्हणजे रात्रपाळीला सापळा.

तिसरी गोष्ट अलार्म, आणि परक्या दवाखान्याची सवय सर्वांत महाग इथे पडते. मोठ्या हॉस्पिटलात हे मॉनिटर सेंट्रल स्टेशनला जोडलेले असतात. बाहेर कुणीतरी सगळ्या खाटा पडद्यावर बघत असतं, म्हणून खाटेजवळचा आवाज मंद ठेवलेला असतो. काही ठिकाणी अलार्म थांबवण्याची मुदत 'अनंत' करून ठेवलेली असते. आपल्या पंधरा खाटांच्या दवाखान्यात सेंट्रल नसतं. मॉनिटर ओरडला नाही तर कुणीच ओरडत नाही. तेव्हा अलार्मचा किमान आवाज वाढवा, थांबवण्याची मुदत एक किंवा दोन मिनिटं करा, आणि अलार्म रिमाइंडर चालू करा, म्हणजे गप्प केलेला पण न सुटलेला अलार्म पुन्हा आठवण देईल. आवाज ऐकून ठरवायचा तो यंत्रासमोर उभं राहून नाही. सिस्टरच्या टेबलाशी, पंखे चालू असताना.

याच्याच जोडीला 'ऑटोमॅटिक डिफॉल्ट'. हे 'होय' असेल तर यंत्र एक मिनिटापेक्षा जास्त बंद राहिल्यावर मूळ प्रोफाइलवर (साठवलेल्या सेटिंगच्या संचावर) परत येतं. 'नाही' असेल तर आधीच्या पेशंटसाठी ठेवलेल्या मर्यादाच पुढच्याला लागू होतात. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) आजोबांसाठी एसपीओटूची खालची मर्यादा ८५ वर आणली होती. ते घरी गेले, त्या खाटेवर ऑपरेशननंतरची तरुण बाई आली, आणि मॉनिटर ८७ ला गप्प बसला. 'होय' करा. आणि एक पेशंट गेला की पडद्यावरून डिस्चार्ज करायची सवय लावा. नाव टाकत नसाल तरीही.

फॅक्टरीच्या मर्यादा प्रौढांसाठी ठीकच आहेत: हृदयगती ५० ते १२०, एसपीओटू ९० च्या खाली पिवळा अलार्म, ८० च्या खाली डिसॅटचा (ऑक्सिजन फार घसरल्याचा) लाल, श्वास ८ ते ३०, सिस्टोलिक (वरचा) बीपी ९० ते १६०. पण प्रोफाइलमध्ये त्याच असतील याची खात्री नाही, म्हणून एकेक उघडून वाचा. प्रौढ, बालक, नवजात हे तीन प्रकार वेगळे साठवलेले असतात. नवजाताचा वापर नसेल तर ते प्रोफाइल दिसूच देऊ नका. प्रकार चुकला तर कफही चुकतो: पहिल्यांदा कफ फुगवताना प्रौढात साधारण १६५, बालकात १३०, नवजातात १०० मिमी दाब भरला जातो. मोठ्या माणसाला चुकून नवजात लागलं तर मॉनिटर फुगवत बसतो, सोडून देतो आणि 'मेझर फेल्ड' दाखवतो. सगळे कफला दोष देतात.

पेसमेकरवाल्या पेशंटला 'पेस्ड' चालू करायला विसरू नका. बंद असेल तर हृदय थांबल्यावरही पेसमेकरचे ठोके यंत्र खऱ्या ठोक्यांत मोजू शकतं, आणि असिस्टोलचा (हृदय थांबल्याचा) अलार्म येत नाही. तापमान फॅरनहाइटवर आणि वजन पौंडांत आलेलं असतं, तेही जाता जाता बदलून टाका. घड्याळही. ट्रेंडमधली (साठवलेल्या आकड्यांची) वेळ केसपेपरशी जुळली नाही तर पुढे कागदोपत्री डोकेदुखी होते. केलेला प्रत्येक बदल प्रोफाइलमध्ये साठवून, यंत्र दोन मिनिटं बंद ठेवून, पुन्हा चालू करून टिकलाय का ते पाहायचं. ही पायरी गाळली की सगळी मेहनत पाण्यात.

अनेक मॉनिटर घेतले असतील तर एकाची सेटिंग लॅपटॉपवरच्या सपोर्ट टूलने दुसऱ्यात नेता येते. सॉफ्टवेअर रिव्हिजन वेगळी असेल तर मात्र ते जुळत नाही. म्हणून लॉटमध्ये घेताना एकाच रिव्हिजनचे मागा. मॉड्यूलची आणि मॉनिटरची रिव्हिजनही एकमेकांना चालणारी हवी.

सर्व्हिसिंगमध्ये खरा वेळ जातो कफच्या बीपीवर. बाकी ईसीजी, तापमान यांना वर्षानुवर्षं कॅलिब्रेशन लागत नाही. पंप, व्हॉल्व्ह आणि होज (मॉड्यूलपासून कफपर्यंतची हवेची नळी) मात्र झिजतात. सामान थोडंच: ० ते ३०० मिमीचा भरवशाचा मॅनोमीटर, हातपंप, टी-जोड आणि २५० मिलीलीटरची कडक बाटली, म्हणजे कफच्या ऐवजी हवेला जागा. सर्व्हिस मोडमध्ये एनबीपीच्या (कफच्या बीपीच्या) सेटअपमधून 'क्लोज व्हॉल्व्ह्ज' चालू करा. हातपंपाने २८० पर्यंत न्या, १० सेकंद थांबा, आणि पडद्यावरचा आकडा मॅनोमीटरशी ताडून पाहा. फरक ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर कॅलिब्रेशन. मग हात न लावता ६० सेकंद बसा. घट ६ मिमीच्या आत हवी. दाब १५० वर आणून पुन्हा ताडा, इथेही ३ मिमीची मुभा. शेवटी पुन्हा २८० करून व्हॉल्व्ह उघडा: पाच सेकंदांनी आकडा १० च्या खाली गेला पाहिजे. गेला नाही तर व्हॉल्व्ह चिकटतोय, आणि ही खोड पेशंटच्या दंडावर निळा वळ उठवून कळते.

गळती निघाली की लगेच मॉड्यूल उघडू नका. आधी होजच्या टोकाचं रबरी कडं बघा. ते कडक झालेलं, चिरलेलं असतं, आणि दहापैकी बऱ्याच गळत्या तिथेच सुटतात. मग कफची नळी, मग टी-जोड. हे सगळं धड निघालं तर पंप असेंब्ली. ती वेगळी बदलता येते. मॉड्यूलचा मुख्य बोर्ड गेला तर दुरुस्तीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, दुसरं मॉड्यूल लावायचं. हाच या रचनेचा फायदा: खाटेवरचं मॉड्यूल काढलं, कपाटातलं अडकवलं, पेशंट पुन्हा मॉनिटरवर. त्यामुळे चार मॉनिटरांमागे एक जादा मॉड्यूल घेऊन ठेवणं वार्षिक कराराइतकंच उपयोगी.

एसपीओटूची 'अचूकता' सिम्युलेटरने तपासून देतो असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. सिम्युलेटरने मॉड्यूल चालतंय का, अलार्म येतोय का, एवढंच कळतं. प्रोब किती खरा आकडा देतो ते माणसाच्या रक्ताशी ताडूनच ठरतं आणि ते कारखान्याचं काम. वॉर्डात मात्र एक गोष्ट आपल्या हातात आहे: कफ आणि प्रोब एकाच हाताला लावायचे नाहीत. पर्यायच नसेल तर 'एनबीपी अलार्म सप्रेशन' चालू असू द्या, नाहीतर दर पंधरा मिनिटांनी कफ फुगला की पल्स नाहीशी होऊन बोंब होते, आणि आठवड्याभरात कुणी अलार्मकडे बघेनासं होतं.

बॅटरीविषयी व्यापारी जे सांगतो त्यावर विसंबू नये. बॅटरीचा मॉनिटर असेल तर एम४६०५ए प्रकारच्या दोन लिथियम बॅटऱ्या लागतात, १०.८ व्होल्टच्या. एकच घातली तर यंत्र 'बॅटरी मिसिंग' म्हणून कुरकुरतं. कारखान्याची शिफारस आहे तीन वर्षं किंवा ५०० आवर्तनं, जे आधी होईल ते. बॅटरीवर उत्पादनाची तारीख छापलेली असते. जुन्या मालातल्या बॅटऱ्या जवळपास नेहमीच मुदत ओलांडलेल्या, त्यामुळे नव्या दोन बॅटऱ्यांची किंमत मॉनिटरच्या किमतीत धरूनच हिशोब करा. वॉर्डातून ओटीत न्यायचा नसेल आणि खाटेला यूपीएस असेल तर बॅटरीशिवायही चालतं. जनरेटर चालू व्हायला लागणारे दहा-पंधरा सेकंद तरी यंत्र बंद पडता कामा नये, एवढं बघायचं.

पडदा जुन्या पद्धतीच्या ट्यूबच्या बॅकलाइटचा. पिवळट, कडेला अंधारलेला दिसला तर ट्यूब थकल्यात. बदलता येतात, पण किंमत त्यातून वजा करा. टच एका बाजूला सरकलेला असेल तर कॅलिब्रेट होतो. पुसताना मेन स्क्रीनची की दाबून धरली की टच कुलूपबंद होतो, नाहीतर आया फडकं फिरवते आणि अलार्मच्या मर्यादा फिरतात. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचं ओलसर फडकं पुरे. कनेक्टरच्या भोकांत फवारा मारायचा नाही. कोकणपट्टीत, गोव्यात खारी हवा मॉड्यूलच्या पिना हिरव्या करते. तिथे घेताना मॉड्यूल काढून मागच्या पिनांवर टॉर्च मारा. हिरवट दिसल्या तर दुसरा दाखवायला सांगा.

कमी पडतं कुठे? ही मालिका आता तयार होत नाही, जागा फिलिप्सच्याच एमएक्स मालिकेने घेतली. सुटे भाग जुन्या यंत्रांतूनच निघतात. सेंट्रल जोडायचं तर फिलिप्सचंच लागतं. दुसऱ्या कंपनीचं सेंट्रल आधीच असेल तर एमपी३० त्यात बसत नाही. आयातीची आणि आधीच्या मालकीची कागदपत्रं मागितल्यावर विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथेच उठावं. आणि जिथे बायोमेडिकलचा माणूस महिन्यातून एकदाही येत नाही, त्या दवाखान्याने हा घेऊ नये. पाच पॅरामीटरचा नवा, वॉरंटीचा, सीएमसीसकट (देखभालीच्या करारासकट) मिळणारा साधा मॉनिटर त्यांना जास्त सोयीचा, जरी त्याची बॉडी हलकी असली तरी. नव्यावर निदान लाइन फ्रीक्वेन्सी आपली असते.

ज्यांच्याकडे जाणता माणूस आहे, त्यांनी घेताना चार वस्तू बिलावर लिहून घ्याव्यात: आयईसी लीड सेट, मॉड्यूलच्या पर्यायाशी जुळणारा प्रोब, तीन मापांचे कफ होजसकट, आणि सर्व्हिस मॅन्युअल. वॉरंटी 'मॉनिटर' वर नको, मॉड्यूलच्या सीरियल नंबरवर लिहून घ्या. मॉड्यूल एका झटक्यात निघतं, आणि डिलिव्हरीच्या दिवशी दाखवलेलंच मॉड्यूल आलंय की नाही, हे नंबराशिवाय कळत नाही.